चूक कुणाची, तीन आकड्यांत

चूक नेमकी कुणाची, हे तीन आकड्यांत सांगून मोकळं होण्याची सोय माणसाने केली, पण स्वतःसाठी केली नाही, संगणकांसाठी केली. वेबवर एका संगणकाने दुसऱ्याकडे काही मागितलं की देणारा आधी एक आकडा सांगतो, मग बाकीचं बोलतो. आकडा दोनशेच्या घरातला असेल तर काम झालं. चारशेच्या घरातला असेल तर तुझं चुकलं. पाचशेच्या घरातला असेल तर माझं चुकलं. ही रीत वेबच्याही आधीची. १९८२ साली ई-मेल पोचवण्याचे नियम लिहिले गेले, त्यातली उत्तरंही अशीच तीन आकडी होती. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभं केलं आणि तिथेही तीच पद्धत रुजली. १९९६ साली वेबच्या नियमांची, म्हणजे एचटीटीपीची, पहिली आवृत्ती रीतसर प्रसिद्ध झाली तेव्हा ४००, ४०१, ४०३, ४०४, ५०० ही सगळी मंडळी तिच्यात हजर होती.

आमच्या कोल्हापुरात ‘माझं चुकलं’ हे वाक्य सहसा कानावर पडत नाही. दोन मोटारसायकली एकमेकींना घासल्या तर दोन्ही मालक गाड्या आडव्या लावून चूक समोरच्याचीच कशी, हे ठरवायला अर्धा दसरा चौक थांबवतात. त्यामुळे स्वतःहून ५०० म्हणणाऱ्या सर्व्हरबद्दल मला पहिल्यापासून आदर. एवढा मोठा, एवढा महागडा, आणि तरी म्हणतो, बाबा रे, गडबड माझ्याकडेच झाली. हा आदर चप्पल लाईनीतल्या, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेतल्या, एका कामात उतरला.

राजारामपुरीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. जुनी बिलिंगची सॉफ्टवेअर नव्या ऑनलाइन सेवांना जोडून द्यायची, हा धंदा. शिरोलीच्या फाउंड्र्या, मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, हुपरीचे चांदीवाले अशी गिऱ्हाइकं. चप्पल लाईनीतून फोन आला तो मिलानमुळे. जून २०२५ मध्ये तिथल्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखीच दिसणारी चप्पल आपली म्हणून मिरवली, त्यात कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं, आणि इकडे आगडोंब उसळला. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क. शेवटी प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं त्या कंपनीने मान्य केलं. या भांडणाचा परिणाम असा झाला की ज्यांनी आयुष्यात कापशी आणि कुरुंदवाडी या चपलांतला फरक विचारला नव्हता, ते दिल्ली-बंगळुरूहून फोन करून चपला मागायला लागले.

फोन आला त्या दुकानाच्या मालकांना सगळी लाईन आण्णा म्हणते. त्यांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आलेला. त्याने जाहीर केलं की आता आपल्याला सीआरएम पाहिजे.

“ते काय असतंय?” आण्णांनी मला विचारलं.

“गिऱ्हाइकांची वही, आण्णा. कोण आलं, काय नेलं, परत कधी येणार, सगळं त्यात. फक्त ती वही आपल्या दुकानात नसते. कंपनीकडे असते, आपण महिन्याला भाडं भरायचं.”

“आपलीच वही, ठेवायची दुसऱ्याच्या घरात, आनि भाडं बी आपनच द्यायचं? लई भारी धंदा हाय की ह्यो.”

धंद्याचं इतकं नेमकं वर्णन मी त्या सेवेच्या जाहिरातीतही वाचलं नव्हतं. पण मुलगा पैसे भरून बसला होता.

काम दिसायला सोपं. काउंटरखालच्या संगणकात बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर, त्यात काही हजार गिऱ्हाइकांची नावं. ती त्या ऑनलाइन वहीत जायची आणि पुढे रोजच्या रोज जात राहायची. मी जोडणी लिहिली आणि चालू केली. आकडा काही आला नाही. तीन आकडी उत्तर मिळण्याआधी दोन्ही संगणकांना एकमेकांची ओळख पटावी लागते; सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. काउंटरखालच्या संगणकाने ते प्रमाणपत्र निरखून पाहिलं आणि नाकारलं. कारण त्याच्या मते ते अजून जन्मालाच यायचं होतं. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल कधीच मेला होता, आणि लाईट गेली की त्या यंत्राला प्रत्येक वेळी २००९ सालचा १ जानेवारी उजाडायचा.

“मग बिलावर तारीख बरोबर कशी येते?” मी विचारलं.

“सकाळी उदबत्ती लावताना तारीख बी लावतो की,” आण्णा म्हणाले. “कधी इसरलं तर पेनानं लिवतो.”

सेल बदलला आणि पहिला आकडा मिळाला: ४०१. त्याच्या पाठोपाठ ४०३. हे दोघे सख्खे भाऊ, पण स्वभाव वेगळे. ४०१ म्हणतो, कोण रे तू? ४०३ म्हणतो, ओळखलं तुला, म्हणूनच आत घेत नाही. ४०१ चं कारण असं की मुलाने सेवेची गुप्त किल्ली, म्हणजे साठ-सत्तर अक्षरांचा तो लांबलचक सांकेतिक शब्द, मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि त्याच्या शेपटीला एक मोकळी जागा चिकटून आली होती. डोळ्याला न दिसणारी, पण सर्व्हरच्या लेखी ती किल्लीचाच एक दात. ती छाटल्यावर ४०३ पुढे आला. त्या सेवेने नोंदवलेल्या इंटरनेट पत्त्यावरूनच प्रवेश ठेवला होता आणि दुकानाचा पत्ता लाईट जाऊन आली की बदलायचा. कायमचा पत्ता घेण्यासाठी इंटरनेटवाल्याला महिन्याला थोडे जास्त पैसे द्यावे लागतात, हे ऐकून आण्णांनी आणखी एक भाडं, एवढंच म्हटलं आणि भरलं.

आता सर्व्हर ओळखायला लागला होता. पहिलं नाव पाठवलं. उत्तर ४००: तुझी मागणीच सदोष. खाली खुलासा, आडनाव हा रकाना सक्तीचा आहे.

इथून पुढे खरा खेळ. ज्या देशात ही सॉफ्टवेअर बेतली जातात तिथे गिऱ्हाइकाला एक नाव, एक आडनाव आणि एक ई-मेल असतो. आमच्या यादीत होत्या ‘शिंगणापूर नाक्याच्या आक्का’, ‘बँकेतले साहेब (जुने)’, ‘बँकेतले साहेब (नवे)’, ‘म्हशीवाले बापू’ आणि ‘पाटील’. पाटील किती, हे विचारू नये. कोल्हापूर जिल्ह्यात आडनावावरून माणूस शोधणं म्हणजे वेळ घालवणं. मुलाने यावर मॅनेजमेंटचा तोडगा काढला. ज्यांना आडनाव नाही त्यांच्या आडनावाच्या रकान्यात त्याने ‘एनए’ भरलं. म्हणजे लागू नाही. सेवेने खुशीने नावं घेतली आणि लगोलग सगळ्यांना स्वागताचा संदेश धाडला: प्रिय आक्का एनए.

दुपारी आक्कांचा फोन. कोल्हापुरात एनए म्हटलं की एकच अर्थ, शेतजमीन बिगरशेती होणं. आक्कांचा रिंगरोडला लागून असलेल्या तुकड्याचा भाऊबंदकीत वाद चालू होता. त्यांनी विचारलं, “माझा एनए झालाय हे तुमाला कुनी सांगितलं? कागद कुठं मिळंल?” चपलेच्या दुकानातून महसूल खात्याची बातमी आली याचं त्यांना नवल वाटलं नव्हतं, भावकीच्या आधी आपल्याला कळलं याचा आनंद होता. त्यांना समजावताना आण्णांचा घसा बसला. एनए गेलं, त्या जागी मुलाने टिंब भरलं. मग पुढचे काही दिवस कोल्हापुरातली प्रतिष्ठित मंडळी ‘प्रिय टिंब’ झाली.

नावांचा प्रश्न तात्पुरता मिटला तसा वेगाचा उभा राहिला. मी यादी भराभर पाठवायला घेतली आणि ४२९ यायला लागला: फार मागतोस, जरा थांब. हा आकडा २०१२ साली नियमांत दाखल झाला, म्हणजे वेबवर गर्दी वाढल्यावर. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात. सर्व्हरचा दरवाजा दाब वाढला की आपोआप मिटतो. उपाय सगळ्या जगात एकच आहे. किती सेकंद थांबायचं हे सर्व्हरने उत्तरात सांगितलं असेल तर तेवढं थांबायचं. नसेल सांगितलं तर एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ असं दुप्पट करत जायचं, आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळायचा, नाहीतर थांबलेले सगळे एकाच क्षणी पुन्हा दारात येतात. हे ऐकून आण्णा म्हणाले, “उधारी मागताना आमी ह्येच करतोय.”

त्यानंतर ५०४. याचा अर्थ, मधल्या दरवानाने आत निरोप दिला, पण आतून वेळेत उत्तर आलं नाही. आता इथे एक बारकावा आहे, आणि भले भले यात फसतात. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. आतल्याने नाव लिहून घेतलेलं असतं, फक्त ‘घेतलं’ हे सांगायला त्याला उशीर झालेला असतो. मुलाला हा बारकावा मान्य नव्हता. पडद्यावर तांबडं दिसलं की तो पुन्हा ‘पाठवा’ दाबायचा. परिणामी काही गिऱ्हाइकं वहीत दोनदा, तीनदा, चारदा जन्माला आली आणि दर जन्माला स्वागताचा संदेश गेला. त्यात कागलचे आण्णांचे सख्खे मेहुणे होते. ‘आमच्या परिवारात आपले हार्दिक स्वागत’ हे चौथ्यांदा वाचून त्यांनी फोन केला: “दाजी, बहीण दिल्याला तीस वर्सं झाली. आजवर आमी कुनाच्या परिवारात हुतो?”

याला औषध साधं आहे. पाठवणाऱ्याने प्रत्येक मागणीला आधीच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने काम दुसऱ्यांदा करायचं नाही, पहिलंच उत्तर परत द्यायचं. आम्ही तसं केलं. मोबाइल नंबरवरून माणूस ओळखावा हा मुलाचा पर्याय टिकला नाही, कारण आमच्या खेड्यांत एका मोबाइलवर अख्खं घर चालतं. त्या हिशोबाने आजी, सून आणि नातू एकच व्यक्ती ठरत होते, तीन वेगवेगळ्या नंबरांच्या चपला घालणारी.

आणि मग आला तो ५००. माझा आवडता. माझं चुकलं म्हणणारा.

नावांच्या एका गठ्ठ्यावर ठरून ५०० यायचा. पुढचा गठ्ठा सुरळीत, त्यापुढच्यावर पुन्हा ५००. खुलासा काही नाही, फक्त आत काहीतरी बिघडलं आहे, क्षमस्व. मी सेवेच्या मदतकेंद्राला लिहिलं. तिकडून अत्यंत गोड उत्तर आलं: ब्राउझर बदलून पाहावा. आमच्या जोडणीत ब्राउझर नव्हताच. मी तसं कळवलं. मग कॅशे साफ करून पाहण्याची सूचना आली. दरम्यान त्या सेवेचं तब्येत दाखवणारं पान उघडलं, तिथे सगळे दिवे हिरवेगार.

आण्णांनी विचारलं, “ह्यो सर्व्हर हाय कुठं?”

“मुंबईत.”

“मग एवढं लिवत काय बसलाय? रातच्या महालक्ष्मी गाडीनं मानूस पाठवू की. सकाळी जाऊन समोर हुभा ऱ्हाईल. समोर मानूस दिसला की काम हुतंय.”

माणूस पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून मी यादीवर उतरलो. अशा वेळी जुनी पद्धत कामाला येते: गठ्ठा निम्मा करायचा, दोन्ही भाग वेगळे पाठवायचे, ज्यावर ५०० येईल तो पुन्हा निम्मा करायचा. हजार नावांतला एक खोडकर शोधायला दहा वेळा निम्मं केलं की भागतं. निम्मं करत करत मी एका ओळीवर येऊन ठेपलो. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘पाटील तालमीमागचे, डावा पाय अर्धा नंबर मोठा’.

या वाक्यात चूक काय? मराठी म्हणून काहीच नाही. संगणक म्हणून बघितलं तर गंमत दिसते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. ‘कोल्हापूर’ आपल्याला चार अक्षरांचं वाटतं. काना, मात्रा, उकार आणि पाय मोडल्याची खूण धरून ती नऊ चिन्हं होतात आणि जागा २७ बाइटची खातात. तालमीमागच्या पाटलांच्या ओळीत ४२ चिन्हं आणि ११२ बाइट होते. सेवेच्या दारातला पहारेकरी चिन्हं मोजत होता. शंभरच्या आत आहेत, जाऊ द्या. आतला कोठीवाला बाइट मोजत होता. त्याची पेटी शंभर बाइटची. पाटील दारातून सलाम घेऊन आत गेले आणि पेटीत मावेनात. कोठीवाला कोसळला, आणि त्याच्याबरोबर पूर्ण गठ्ठा परत आला.

म्हणजे चूक खरोखर सर्व्हरचीच होती. ५०० खोटं बोलत नव्हता. पण ‘माझं चुकलं’ एवढं म्हणून गप्प बसणाऱ्याचा उपयोग काय, हे मला त्या दिवशी कळलं. त्यापेक्षा काय चुकलं ते ओरडून सांगणारा ४०० परवडला. कोणत्या रकान्यात काय अडतं, हे त्याने पहिल्याच फटक्यात सांगितलं होतं. दसरा चौकातही तसंच असतं. तिथे चूक कुणी कबूल करत नाही, पण आरसा कुणाचा, इंडिकेटर कुणाचा, वळताना हात कुणी दाखवला नाही, एवढा तपशील पाच मिनिटांत गोळा होतो की पंचनाम्याला पोलिसांची गरज उरत नाही.

मदतकेंद्राला मग मी तसाच पंचनामा पाठवला: कोणत्या वेळी मागणी गेली, उत्तरासोबत आलेला तिचा ओळख क्रमांक कोणता, नेमकी कोणती ओळ, तिच्यात चिन्हं किती, बाइट किती. आपल्याला ५०० आला तर हेच करावं. “चालत नाही” असं लिहिलं की त्यांना ब्राउझर आठवतो. क्रमांक दिला की माणूस आपल्या नोंदी उघडून बघतो. यावेळी उत्तर देणारा वेगळा होता, गोड नव्हता, आणि दुरुस्ती करतो म्हणाला.

दुरुस्ती होईपर्यंत मुलाने सुचवलं की नावाच्या पुढचं सगळं छाटून टाकू. आडनाव ठेवायचं, बाकीचा कचरा काढायचा. दुकानात शांतता पसरली. आत पायताणाला अंगठा शिवत बसलेले मामा हातातली आरी ठेवून बाहेर आले.

“कचरा?” आण्णा म्हणाले. “आरं, पाटील काय, लाईनीत दगड मारला तर पाटलाला लागतोय. त्या पाटलाचा डावा पाय मोठा हाय म्हणून तो आपल्याकडं येतोय. पुढच्या दुकानात त्याला दोन जोड घ्यायला लागतात.”

यावर एमबीएच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. मी यादी नीट वाचून काढली. वीस वर्षं बिलिंगच्या त्या एका रकान्यात आण्णा आणि मामांनी माणसं भरून ठेवली होती. कुणाला करकर वाजणारीच लागते. कुणाच्या टाचेला कुरूप आहे, तिथे चामडं मऊ द्यायचं. कुणी बायकोसमोर किंमत विचारली तर निम्मी सांगायची, बाकीचे संध्याकाळी येऊन देतो. कुणाचा मुलगा अमेरिकेत आहे, दिवाळीला एकदम सहा जोड. महिन्याचं भाडं घेणाऱ्या त्या सेवेकडे ‘संभाव्य उत्पन्न’, ‘विक्रीचा टप्पा’, ‘फॅक्स’ असे रकाने होते. पायासाठी एकही नव्हता. मी एक नवा रकाना बनवला, त्याला मामांनी ‘खूण’ असं नाव दिलं, त्याची मर्यादा भरपूर मोठी ठेवली, आणि स्वल्पविरामाच्या पुढचं सगळं तिकडे वळवलं. गठ्ठे गेले. २०१, २०१, २०१: नवी नोंद झाली, झाली, झाली. मुलगा हल्ली ‘खूण’ याच रकान्यावरून संदेश पाठवतो, आणि डाव्या पायाचे पाटील दिल्ली-बंगळुरूच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त वेळा दुकानात येतात.

राहता राहिला ४०२. या आकड्याचा अर्थ, पैसे भरा. १९९७ च्या नियमावलीत त्याच्यापुढे ‘भविष्यातील वापरासाठी राखीव’ असं लिहिलं गेलं, आणि २०२२ साली सगळे नियम नव्याने लिहिले तेव्हाही तेच कायम राहिलं. पाव शतक उलटलं तरी नियमांच्या लेखी पैसे मागायची वेळ काही आली नाही. काम संपल्यावर मी आण्णांना बिल दिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घालून गल्ल्याखाली सरकवलं आणि म्हणाले, “देतो की. तुमचं कुठं बुडतंय?”

परवा जोडणी तपासताना सहज माझं स्वतःचं नाव शोधलं. नाव: इंजिनिअर. आडनाव: टिंब. खूण: उजवा अंगठा पट्ट्याबाहेर येतो, कापशी द्यावी. पैशाची घाई नाही.